वयात आलेला चिंगी : नेरुळच्या घरातील प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, रविवार

अकरावीच्या विद्यार्थ्यांना निरीक्षण प्रकल्प देताना मी दरवर्षी बजावते की, आधी दिसले ते लिहा, मत नंतर द्या. आमच्या घरातल्या पाखराबाबत मात्र गेला महिनाभर मी स्वतः नुसती मतेच देत आहे. ‘चिंगी बिघडला’, ‘चिंगी हट्टी झाला’, ‘चिंगीला आपण नकोसे झालो’ ही वाक्ये घरात रोज ऐकू येतात आणि त्यांतले एकही निरीक्षण नाही. म्हणून आजपासून ही वही.

चिंगी हा करड्या रंगाचा कॉकॅटील आहे. बाजारात याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. मूळ ऑस्ट्रेलियाचा आणि काकाकुवाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. आपला देशी पोपट पाळणे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे वर्गात शिकवत असल्यामुळे तो पर्याय आमच्यापुढे नव्हताच. गेल्या ऑक्टोबरात अंड्यातून बाहेर आलेले, माणसाच्या हाताने भरवून वाढवलेले हे पिल्लू डिसेंबरात घरी आले, तेव्हा ते मादी आहे असे समजून चिंगी हे नाव ठेवले. पहिली पिसे झडून नवी आली, चेहरा हळदीसारखा पिवळा झाला आणि शीळ सुरू झाली, तेव्हा तो नर निघाला. नाव बदलायला कोणी तयार नाही, आणि तोही त्याच नावाला ओ देतो.

तक्रारी अशा : संध्याकाळी चावतो, फर्निचरमागच्या फटीत शिरतो, मी दाराबाहेर पडले की किंचाळतो आणि साखरेच्या डब्यापुढे तासन्‌तास गातो. वहीत प्रत्येक प्रसंगासाठी तीनच रकाने आखले आहेत : आधी काय घडले, पाखराने काय केले, त्यानंतर आम्ही काय केले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळचे वजन ९२ ग्रॅम भरले.

१९ जून, बुधवार

पहिली मोजणी उजेडाची केली. माझ्या डब्याच्या घाईमुळे दिवाणखान्यातली ट्यूबलाइट पहाटे पावणेसहाला लागते आणि रात्री साडेअकराला बंद होते. पिंजरा तिथेच असल्यामुळे चिंगीचा ‘दिवस’ पावणेअठरा तासांचा भरतो. परवा २१ जूनला इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस आहे आणि तोही जेमतेम सव्वातेरा तासांचा आहे. या अक्षांशावर डिसेंबरचा लहानात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे बाहेरच्या निसर्गात वर्षभरात जो फरक सव्वादोन तासांचा पडतो, त्यावर आम्ही विजेच्या जोरावर आणखी साडेचार तास चढवून ठेवले आहेत.

२३ जून, रविवार

उजेडाचा आणि चावण्याचा काय संबंध, असे लेकाने विचारले. त्याला समजावताना मलाही विषय नीट मांडता आला, म्हणून इथे लिहून ठेवते.

विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कडाक्याच्या हिवाळ्यात, जंको नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या उघड्यावरच्या पिंजऱ्यांत विजेचे दिवे लावले आणि रोज काही मिनिटांनी त्यांचा दिवस लांबवत नेला. बाहेर बर्फ असतानाही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावीत तशी वाढली. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी बदकांवर केलेल्या प्रयोगांतून त्याहून नवलाची गोष्ट दिसली : डोळ्यांवाटे प्रकाश पोहोचत नसतानाही बदकांच्या शरीरावर लांब दिवसाचा परिणाम होतच होता. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमसच्या भागात, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पातळ कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. तिथून निरोप पिट्यूटरी ग्रंथीला जातो, तिच्यातून संप्रेरके (हार्मोन्स) सुटतात आणि विणीखेरीजच्या काळात अगदी लहान होऊन बसलेली वृषणे पुन्हा मोठी होऊ लागतात. उडणाऱ्या प्राण्याला वर्षभर ते वजन वाहणे परवडत नसावे, असे मी वर्गात सांगते आणि मुले हसतात.

तात्पर्य, चिंगीला ‘आता घर मांडायची वेळ झाली’ असे कोणी सांगितले असेल, तर ते आमच्या ट्यूबलाइटने.

३० जून, रविवार

काल रात्री विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारत जिंकला, इमारतीत फटाके वाजले आणि आमच्याकडचे दिवे एक वाजेपर्यंत चालू राहिले. आज सकाळी चिंगीने साखरेच्या डब्यापुढे जे केले, ते पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहून पाहिले.

डबा स्टीलचा, घासूनपुसून लख्ख. चिंगी ओट्यावर उतरला, अंग ताठ केले आणि दोन्ही पंख खांद्यापाशी किंचित उचलून शरीरापासून वेगळे धरले. मागून पाहिले तर पत्त्यांतल्या बदामासारखा आकार दिसत होता. मग छोटी छोटी पावले टाकत तो डब्याभोवती अर्धे वर्तुळ फिरला, चोचीने पत्र्यावर टक-टक-टक असे तीन ठोके दिले आणि आमच्या दारावरच्या घंटीची धून शिळेत वाजवली. झाकणात दिसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्याकडून उत्तर येईना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या फेरीनंतर मान खालीवर हलवत त्याने गळ्यातले ओलसर दाणे झाकणावर एका जागी ठेवले.

याच दाण्यांमुळे मागच्या आठवड्यात आम्ही घाबरलो होतो. आजारी पाखराची ओकारी आणि हा प्रणयातला घास यांत फरक आहे. आजारी पाखरू डोके झटकते, दाणे चहूकडे उडतात, डोक्याच्या पिसांना चिकटतात आणि ते मलूल होऊन पिसे फुगवून बसते. हा मात्र एकाच जागी नेमका घास ठेवतो आणि नंतर तरतरीत असतो. झाकणातल्या जोडीदाराला तो भरवत होता. डबा आजपासून कपाटात.

७ जुलै, रविवार

आज मोठा प्रसंग झाला. पायताणांच्या स्टँडमागे चार बोटांची अंधारी फट आहे आणि तिच्यात जुनी वर्तमानपत्रे कोंबलेली आहेत. चिंगी तिथे गेला. सासूबाईंनी त्याला बाहेर काढायला हात घातला आणि त्याने त्यांच्या तर्जनीचे मांस निघेल इतका कडक चावा घेतला. रक्त आले, हळद लावली. ‘बिघडला’ हे मत पुन्हा एकदा एकमताने संमत झाले.

लेक मात्र तिथेच उभा होता आणि त्याने वहीत ‘आधी काय घडले’ हा रकाना प्रामाणिकपणे भरला, याचे मला कौतुक वाटते. हात पुढे येताच चिंगीने तुरा मागे सपाट केला, मग मान लांब करून फुत्कार सोडला, मग अंग डावीकडे-उजवीकडे झुलवले. एवढे तीनदा सांगूनही हात थांबला नाही, तेव्हा चावा. कागदांच्या कडा बारीक पट्ट्या करून कुरतडलेल्या होत्या. रानात हे पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, आणि कॉकॅटीलमध्ये नरही अंडी उबवतो. साधारणपणे दिवसा नर आणि रात्री मादी अशी पाळी असते. त्यामुळे अंधारी फट ही नराच्याही जिव्हाळ्याची जागा. सासूबाई त्याच्या दृष्टीने त्याच्या घरात हात घालत होत्या.

हे सांगितल्यावर त्या बोटाला फडके गुंडाळत म्हणाल्या, “अगं, मग सरळ म्हण ना, वयात आलाय तो. आमच्या गावाकडे माजावर आलेल्या जनावराच्या वाटेला कोणी जात नसे आणि आपण ह्याला मांडीवर घेऊन बसतोय.” थोड्या वेळाने स्वतःहूनच पुढे म्हणाल्या, “आणि तुझ्या वहीत हेही लिही. दुपारी तुम्ही नसता तेव्हा मी रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवते. शेपटी वर करून कसा गप्प बसतो.”

माझ्या तीन आठवड्यांच्या मोजणीत हे कुठेच नव्हते, कारण दुपारी मी वाशीला कॉलेजात असते. सोबतीचे पक्षी एकमेकांच्या डोक्याची आणि मानेची पिसे विंचरतात. पाठ, पंखांखालची जागा आणि शेपटीचा बुंधा इथला स्पर्श मात्र जोडीदाराचा असतो. सासूबाई माया करत होत्या आणि चिंगीच्या शरीराला त्यातून अगदी निराळा निरोप मिळत होता. मग संध्याकाळी त्यांच्या जवळ दुसरे कोणी आले की तो त्या माणसावर धावून जाई, आणि आम्ही त्याला मत्सरी म्हणत असू.

१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

सुट्टी. उकडलेले गरम रताळे कुस्करून सासूबाईंनी चिंगीला बोटावरून भरवले. मी अडवले नाही, फक्त पाहिले. खाऊन झाल्यावर वीस मिनिटांत तो दांडीवर शेपटीचा बुंधा घासू लागला. लेक मोठ्याने हसला, आणि हसण्याचा आवाज ऐकून पाखराने तेच पुन्हा केले.

बाहेर धो धो पाऊस पडत होता, आणि हे दोन्ही एकत्र पाहताना मला जे सुचले, त्यासाठीच खरे तर ही नोंद. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात या पक्ष्यांची वीण केवळ पंचांगावर चालत नाही. पाऊस पडतो, गवत उगवते, त्याला दुधाळ, मऊ दाणे भरतात, आणि पिलांना भरवता येईल एवढा सुकाळ आला की ते जोड्या बांधून ढोल्या शोधू लागतात. आमच्या घरात जूनपासून काय होते? पावसाचा आवाज आणि दमट हवा, रोज भिजवलेले मूग, कुस्करलेला गरम भात, पावणेअठरा तासांचा उजेड, स्टँडमागची ढोली, झाकणातला जोडीदार आणि पाठीवरून फिरणारा हात. एवढी सामग्री मांडून ठेवल्यावर पाखराने शांत बसावे ही अपेक्षाच चमत्कारिक होती.

२१ जुलै, रविवार

आजपासून बदल. शास्त्राप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी, हे मी जन्मभर शिकवत आले. पण सासूबाईंचे बोट अजून दुखते आहे आणि घरातल्यांचा धीर संपला आहे, त्यामुळे सगळे एकदम बदलले. कशाचा किती गुण आला हे या वहीतून सिद्ध होणार नाही, ही प्रकल्पातली उणीव मी आधीच मान्य करते.

पिंजरा लेकाच्या खोलीत हलवला, खिडकीला जाड गडद पडदा लावला. संध्याकाळी सातला अंधार आणि सकाळी सातला उजेड. लेकाचा अभ्यास जेवणाच्या टेबलावर आला, आणि त्याने त्याबद्दल रीतसर निषेध नोंदवला. स्टँडमागची फट पुठ्ठ्याने बुजवली. गरम आणि मऊ खाणे बंद करून सकाळी दाणे, कोथिंबीर, किसलेले गाजर असा साधा शिधा ठेवला. स्पर्श फक्त गालावर आणि मानेवर. दांडीवर घासणे सुरू झाले तर हसायचे नाही, ओरडायचेही नाही. न बोलता त्याला दुसरीकडे न्यायचे. पिंजऱ्यातल्या दांड्यांच्या जागाही बदलल्या, कारण ओळखीच्या कोपऱ्यावर हक्क सांगणाऱ्या पाखराला जागा थोडी अनोळखी झाली की राखण करण्याची घाई उरत नाही.

सगळ्यांत अवघड गेले ते सासूबाईंना. दुपारी एकट्या असताना पाठीवर हात फिरवायचा नाही, हे त्यांना शिक्षेसारखे वाटते आहे.

२८ जुलै, रविवार

आतापर्यंतच्या अकरा चाव्यांच्या नोंदी पुन्हा वाचल्या. सहा फटीपाशी किंवा पिंजऱ्याच्या दारात झालेल्या आहेत. तीन मात्र भलत्याच निघाल्या : तिन्ही वेळा कोणी तरी त्याचे डोके खाजवत होते, म्हणजे आम्हीच ठरवलेल्या ‘योग्य’ जागी हात होता. आज भिंगातून पाहिले तेव्हा उलगडा झाला. तुऱ्याच्या मागे नव्या पिसांचे कोंब आले आहेत, मेणाच्या काडीसारखे, अजून आवरणात गुंडाळलेले. त्यांच्या मुळाशी रक्त असते आणि उलटे दाबले तर पाखराला दुखते. तेव्हा हा राग वयाचा नव्हता, दुखण्याचा होता. उरलेल्या दोन चाव्यांचे कारण मला सापडलेले नाही.

त्याच्या धडपडण्यालाही आम्ही उगीच वयाशी जोडत होतो. काल तो पडद्याच्या दांडीवरून थेट सोफ्यावर आदळला. विकणाऱ्याने त्याचे पंख छाटून दिले होते. आता लांब पिसे नव्याने येत आहेत आणि आठ-नऊ महिन्यांचे हे पाखरू उडायला नव्हे, उतरायला शिकत आहे. उड्डाण जमते, पण वेग कुठे कमी करायचा ते कळत नाही. माझ्या लेकाची सायकल आठवली. शेपटीखालचे पट्ट्यापट्ट्यांचे शेवटचे बालपीसही आज पिंजऱ्याच्या तळाशी सापडले. ते वहीत चिकटवले आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

पक्ष्यांचे पाहणारे पशुवैद्य ठाण्याला आहेत, म्हणून छोट्या पेटीवर सुती पंचा टाकून ट्रान्स-हार्बर लोकलने गेलो. चिंगीने तुर्भे ते ऐरोली दारावरच्या घंटीची धून वाजवली आणि आख्ख्या डब्यात तो पंच्याखालचा आवाज कुठून येतो याची चर्चा झाली.

वागणे बदलले की त्याला वयाचे लेबल लावण्याआधी आजार नाही ना हे पाहावे, हा डॉक्टरांचा पहिला मुद्दा होता, आणि मी तो दोन महिने उशिरा पाळला. वजन ९४ ग्रॅम, विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी निर्दोष, छातीचे स्नायू भरलेले. संप्रेरके दाबणारी इंजेक्शने आणि त्वचेखाली बसवायच्या गोळ्या असतात, पण निरोगी नरासाठी त्यांची गरज नाही, असे ते म्हणाले. मादी असती तर प्रश्न गंभीर झाला असता : नर नसतानाही ती अंड्यांमागून अंडी घालते, शरीरातले कॅल्शियम संपते, आणि अंडे अडकले तर जीव जातो.

२५ ऑगस्ट, रविवार

चावे या आठवड्यात शून्य. किंचाळणे मात्र तसेच. वही सांगते की तो किंचाळला की घरातले कोणी ना कोणी “काय रे?” म्हणत खोलीत डोकावते, म्हणजे हे आम्हीच शिकवलेले आहे. आता त्याने शीळ घातली तरच उत्तर द्यायचे ठरले आहे. कागदाच्या गुंडाळ्यांत आम्ही राळ्याचे दाणे लपवून ठेवतो. ते शोधण्यात सकाळचा पाऊण तास जातो.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती आले. रात्री उशिरा जवळच्या मंडळाचा ताशा एकदम कडाडला आणि अंधाऱ्या खोलीत चिंगी पिंजऱ्याच्या जाळीवर आपटू लागला. रात्री दचकून असे सैरावैरा फडफडणे ही या जातीची जुनी खोड आहे. दिवा लावून, हात न घालता, हळू आवाजात बोलत राहिले, तेव्हा तो थांबला. पंखातले एक कोवळे पीस तुटून रक्त येत होते. कॉर्नफ्लोअर दाबून धरल्यावर ते थांबले.

आता पेच असा की दचकू नये म्हणून मंद दिवा ठेवावा, तर संप्रेरकांसाठी अंधार हवा. मी अंधाराचा आग्रह थोडा सोडला. पिंजऱ्यावर पडणार नाही असा, दाराबाहेरच्या बोळातला झिरो बल्ब चालू ठेवला आहे. पाखराचे हाडच मोडले, तर शिस्त काय कामाची?

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीत नकळत एक प्रयोग घडला. लेकाच्या खोलीत पाहुणे उतरल्यामुळे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पिंजरा दिवाणखान्यात होता आणि दिवे रोज मध्यरात्रीपर्यंत. खाणे, स्पर्श, बुजवलेली फट यांत काही बदल नव्हता. चौथ्या दिवसापासून शीळ दुप्पट झाली, पंखांचा बदाम पुन्हा दिसला, पाण्याच्या वाटीवर टक-टक सुरू झाली. पण चावा एकही नाही. वाचताना असे वाटते की उजेडाने त्याला गायला लावले आणि फटीने व स्पर्शाने चावायला. पण पाहुणे, गोंगाट आणि फराळाचे वास हेही त्याच दिवसांत होते आणि पाखरू एकच आहे, म्हणून हे वाक्य पेन्सिलीने लिहिले आहे.

२२ डिसेंबर, रविवार

खिडकीसमोरच्या जुन्या वर्षावृक्षावर आज देशी पोपटांची जोडी ढोली तपासत होती. हिवाळा सरताना त्यांची वीण सुरू होते. त्यांना कोणी ‘बिघडले’ असे म्हणत नाही. चिंगी काचेआडून त्यांच्याकडे तुरा उभा करून पाहत राहिला, मग सासूबाईंच्या खांद्यावर जाऊन मान वाकवून बसला. त्या एका बोटाने त्याचा केशरी गाल खाजवतात, बोट मानेपर्यंत येते, तिथे थबकते आणि परत फिरते. सातला दहा मिनिटे असताना त्यांनीच टीव्हीचा आवाज बारीक केला आणि पिंजऱ्याचे दार उघडले.

वजन ९५ ग्रॅम. चावा नाही. पाण्याच्या वाटीवर चोचीचे ठोके, दोनदा.